अनेककर्तृक कोशनोंद आणि तटस्थ गद्य : मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या नोंदीच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

मराठी गद्याच्या अभ्यासात निबंध, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, ललित लेख या प्रकारांची चर्चा विपुल झाली आहे. कोशातील नोंद हा गद्यप्रकार मात्र बहुतेक वेळा साधन म्हणूनच वापरला गेला. संशोधक नोंद उघडतो, हवी ती सनावळी टिपून घेतो आणि कोश मिटतो. ते वाक्य कोणी लिहिले, कोणत्या आधारावर लिहिले, त्याचा कर्ता आणि क्रियापद कसे निवडले गेले, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. एकेका नोंदीमागे एक जाणकार लेखक आणि एक जबाबदार संपादक उभा आहे, असे गृहीत धरता येत होते, तोपर्यंत हे स्वाभाविकही होते.

विकिपीडिया या महाजालावरील कोशाने हे गृहीतच बदलले आहे. येथे नोंदीला एक लेखक नसतो. कोणीही स्वयंसेवक वाक्य लिहितो, दुसरा ते सुधारतो, तिसरा त्याला आधार मागतो आणि चौथा ते काढून टाकतो. ही प्रक्रिया कधीच पूर्ण होत नाही. असे अनेकांच्या हातून घडणारे गद्य तटस्थ कसे होते आणि ते तटस्थ झाले हे ओळखावे कसे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. विवेचनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नोंदविषयाची निवड केली आहे. विद्यापीठावरील नोंद वरवर पाहता अत्यंत निरुपद्रवी असते : स्थापना, कार्यक्षेत्र, कुलगुरू, विद्याशाखा. परंतु या विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे संघर्ष झाला आणि माणसे मारली गेली. त्यामुळे त्याच्या नोंदीतील शीर्षकापासून क्रियापदापर्यंत प्रत्येक शब्द कसोटीला लागतो.

२. कोशकर्तृत्वाची तीन प्रतिमाने

मराठीत कोशकर्तृत्वाची दोन भिन्न प्रतिमाने विसाव्या शतकात सिद्ध झाली. पहिले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे. तेवीस खंडांचा हा प्रकल्प केतकरांनी मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापून आणि वर्गणीदार मिळवून तडीस नेला. सहकारी अनेक असले तरी कोशावर ठसा एका माणसाचा आहे. केतकरांची मते, त्यांचे समाजशास्त्र आणि त्यांचे आग्रह त्यात उघड दिसतात. वाचकाला ते मान्य नसले, तरी ती कोणाची मते आहेत हे त्याला ठाऊक असते.

दुसरे प्रतिमान मराठी विश्वकोशाचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे हे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड पूर्ण होण्यास २०१५ साल उजाडले. नोंदींच्या याद्या, विषयतज्ज्ञांकडून लेखन, संपादकीय संस्कार, परिभाषेचा स्वतंत्र खंड अशी त्याची शिस्तबद्ध रचना होती. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव येते. येथे प्रामाण्य व्यक्तीपेक्षा संस्थेचे आणि तज्ज्ञतेचे आहे.

तिसरे प्रतिमान विकिपीडियाचे. त्याच्या जन्मकथेत दुसऱ्या प्रतिमानाशी झालेला सामना दडलेला आहे. २००० साली अमेरिकेत न्यूपीडिया नावाचा महाजालीय कोश सुरू झाला. तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात टप्प्यांच्या परीक्षणातून नोंद पार पडायची, अशी त्याची पद्धत होती. नोंदी इतक्या मंदगतीने सिद्ध होऊ लागल्या की, पूरक उपक्रम म्हणून जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी कोणालाही लिहिता येईल असा विकिपीडिया सुरू केला. पूरक म्हणून आलेल्या या उपक्रमाने मूळ प्रकल्पाला मागे टाकले. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाला.

लेखकाचे नाव नोंदीखाली नसले तरी या कोशात कर्तृत्वाची खूण पुसली जात नाही. प्रत्येक फेरफार दिनांक, वेळ आणि सदस्यनाव (ते बहुधा टोपणनाव असते) यांसह नोंदीच्या ‘इतिहास’ या पानावर राहतो. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणता शब्द केव्हा आला आणि केव्हा गेला हे पाहता येते. मतभेद झाल्यास नोंदीच्या चर्चापानावर तो लेखी मांडला जातो. कोशातील मजकूर मूळ लेखकांना श्रेय देऊन कोणालाही वापरता येतो. हे श्रेय कोणाकोणाला द्यायचे, याचा पुरावाही इतिहासाचे पानच असते.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे दृश्य परिचित वाटेल. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, तेव्हा पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. पाठ स्थिर करणे हे त्या कामाचे ध्येय होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेदही जतन केले. अनेककर्तृक नोंद या दोन्हींहून वेगळी आहे. ती भर घालण्याचे आमंत्रण देते, पाठ स्थिर होऊ देत नाही; मात्र मागचे सर्व पाठ दिनांकासह जपते. या कोशात वाचकाने विश्वास ठेवावा असे काही असेल, तर ते पृष्ठभागावरील मजकुराइतकेच त्यामागील या पाठपरंपरेत आहे.

३. शीर्षकाचा प्रश्न

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना तेव्हाच्या औरंगाबाद येथे २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्यापूर्वी या प्रदेशातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातील उच्चशिक्षणाच्या आरंभाशी आंबेडकरांचा असलेला हा संबंध नामांतराच्या मागणीचा एक प्रमुख आधार होता.

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांवर हल्ले झाले आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. १९७९ साली नागपूरहून ‘लाँग मार्च’ निघाला. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास असा संघर्ष चालत राहिला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे स्थापन झाले. त्यामुळे ‘मराठवाडा’ हे पद आज दोन विद्यापीठांच्या नावांत आहे.

छापील कोशाला या घटनाक्रमाचा सामना एकदाच करावा लागतो. १९९४ पूर्वी छापलेल्या खंडात जे नाव आहे, ते तसेच राहते. चालू नोंदीला मात्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो. शीर्षक अधिकृत नावाचे असते, तर जुन्या नावाने शोधणाऱ्यास ‘पुनर्निर्देशन’ या सोयीने त्याच नोंदीकडे आणता येते. ही सोय तांत्रिक आहे, पण तिचा अर्थ वाङ्मयीनही आहे. जुने नाव इतिहास म्हणून पोहोचण्याजोगे राहते, परंतु शीर्षकाचा मान त्याला मिळत नाही. ‘बामू’ या इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेल्या रूढ रूपाचेही तसेच. ते वापरात आहे, म्हणून शोधता आले पाहिजे. पण ज्या नावासाठी संघर्ष झाला, ते नावच या रूपात ऐकू येत नाही. म्हणून नोंदीच्या गद्यात ते वापरावे का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

याहून कठीण प्रश्न दोन सामान्यनामांचा आहे : ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’. १९७८ चा ठराव आणि त्यासाठीचे आंदोलन ‘नामांतर’ या शब्दाने ओळखले जाते. १९९४ साली ‘मराठवाडा’ हे पद कायम ठेवून नाव वाढवले गेले, म्हणून त्या निर्णयाला ‘नामविस्तार’ म्हटले जाते आणि १४ जानेवारी ‘नामविस्तार दिन’ म्हणून पाळला जातो. हे दोन शब्द पर्यायी नाहीत. एखाद्या स्वयंसेवकाने शैलीच्या एकरूपतेसाठी नोंदीत सर्वत्र ‘नामविस्तार’ केले, तर आंदोलनाचे स्वतःचे नाव पुसले जाते. सर्वत्र ‘नामांतर’ केले, तर १९७८ ची मागणी आणि १९९४ चा निर्णय यांतील अंतर पुसले जाते. येथे एकरूपता हा दोष ठरतो. मागणीला मागणी करणाऱ्यांचा शब्द आणि निर्णयाला निर्णयाचा शब्द वापरणे, हीच अचूकता होय.

१९९४ च्या नावाची घडण, म्हणजे व्यक्तिनाम आणि त्यापुढे प्रदेशनाम किंवा नगरनाम, पुढे महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या बाबतीत दिसते. नागपूर विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे आणि सोलापूर विद्यापीठाला २०१९ साली अहिल्यादेवी होळकर यांचे नाव जोडले गेले, तेव्हा मूळ स्थलवाचक पद राखले गेले. मात्र एवढ्या साम्यावरून पुढील नावे १९९४ च्या तडजोडीचे अनुकरण करतात, असे विधान स्वयंसेवकाला नोंदीत घालता येणार नाही. तो निष्कर्ष ठरेल, आणि निष्कर्षाला प्रसिद्ध झालेला आधार हवा. हा नियम पुढे पुन्हा येणार आहे.

४. क्रियापदाची तटस्थता

विकिपीडियाच्या लेखनसंहितेची तीन मुख्य तत्त्वे आहेत : तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता आणि मूळ संशोधनास मज्जाव. यांपैकी पहिल्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहे. तटस्थता म्हणजे दोन बाजूंच्या मधोमध उभे राहणे, असे सामान्यतः समजले जाते. पुढील तीन वाक्ये पाहावीत. ती नोंदीच्या कोणत्याही आवृत्तीतून घेतलेली नाहीत. विवेचनासाठी रचली आहेत.

(अ) १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात दंगली उसळल्या.

(आ) १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात हिंसाचार झाला.

(इ) विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव संमत केल्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळण्यात आली आणि काही जणांना ठार मारण्यात आले.

पहिल्या वाक्यातील ‘दंगल’ हा शब्द दोन परस्परविरोधी जमाव गृहीत धरतो. ‘उसळणे’ हे क्रियापद लाटेचे, ज्वालेचे आहे. त्यामुळे मानवी कृतीला निसर्गघटनेचे रूप येते. दुसरे वाक्य सर्वांत संयत वाटते आणि घाईच्या वाचकाला तेच तटस्थ वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यात कोणावर काय झाले हेच सांगितलेले नाही. त्याची तटस्थता माहितीच्या अभावातून आली आहे. तिसरे वाक्य ऐकण्यास कठोर असले तरी माहितीच्या दृष्टीने अधिक पूर्ण आहे. घटनाक्रम, स्थळ, हल्ल्याचे लक्ष्य आणि परिणाम त्यात येतात.

तरीही व्याकरणदृष्ट्या तिसऱ्या वाक्यातही एक जागा रिकामी आहे. ‘हल्ले झाले’ या रचनेत हल्ले हाच कर्ता आहे. ‘घरे जाळण्यात आली’ हा नवीन कर्मणी प्रयोग तर कर्त्याचा उल्लेख टाळण्यासाठीच मराठी प्रशासकीय गद्यात रूढ झाला आहे. म्हणजे तिन्ही वाक्यांत कृती करणारा माणूस अनुपस्थित आहे. तो आणायचा तर केवळ शैली बदलून भागत नाही. कोणत्या गावात, कोणी, कशासाठी, हे सांगणारा अहवाल, न्यायालयीन निकाल किंवा अभ्यासग्रंथ लागतो आणि वाक्यात त्याचा निर्देश करावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांची हत्या नोंदीत येते, तेव्हा ‘मृत्यू’, ‘हत्या’ आणि ‘हौतात्म्य’ या तीन शब्दांतून निवड करावी लागते. ‘मृत्यू’ हा शब्द कृत्य झाकतो, ‘हत्या’ कृत्य सांगतो, ‘हौतात्म्य’ त्या कृत्याचा समाजाने लावलेला अर्थ सांगतो. कोशाने दुसरा शब्द स्वतःच्या आवाजात वापरावा आणि तिसरा ‘आंबेडकरी चळवळीत त्यांना शहीद मानले जाते’ अशा वाक्यातून, ज्यांचा तो आहे त्यांच्या नावे द्यावा. असे केल्याने मत वगळले जात नाही आणि ते कोशाचे मतही होत नाही.

अनेककर्तृक लेखनाचा खरा लाभ याच जागी दिसतो. एकट्या लेखकाला स्वतःचे ‘उसळल्या’ खटकत नाही, कारण ते त्याच्या परिसरातील बोलीचे असते. दुसऱ्या अनुभवविश्वातून आलेल्या वाचकाला ते खटकते, आणि येथे तो केवळ वाचक राहत नाही. मात्र हा लाभ आपोआप होणारा नाही. सर्व स्वयंसेवक एकाच परिसरातून, एकाच सामाजिक थरातून आलेले असतील, तर दहा जणांनी तपासलेले वाक्यही एकाच माणसाने लिहिल्यासारखे राहील. येथे लेखकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या अनुभवांतील भिन्नता महत्त्वाची आहे.

५. माहितीपत्रकाचे गद्य आणि अनुवादाचे गद्य

विद्यापीठांवरील नोंदींना दोन भाषिक रोग विशेष जडतात. पहिला माहितीपत्रकाचा. ‘अग्रगण्य’, ‘नामांकित’, ‘शिक्षणाचे माहेरघर’, ‘उज्ज्वल परंपरा लाभलेले’ अशी विशेषणे संस्थेच्या प्रवेशपुस्तिकेतून थेट नोंदीत उतरतात. माजी विद्यार्थी आणि कर्मचारी यांचा जिव्हाळा हे त्याचे साधे कारण असते. इंग्रजी विकिपीडियावर विद्यापीठविषयक नोंदींसाठी अशी संस्थास्तुती टाळावी, अशी स्वतंत्र सूचना आहे. स्तुतीच्या जागी पडताळता येण्याजोगे तथ्य द्यावे, हा तिचा आशय. ‘नामांकित’ म्हणण्याऐवजी कोणत्या मूल्यांकनसंस्थेने कोणत्या वर्षी कोणती श्रेणी दिली ते लिहावे. ‘सध्या’ हा शब्दही असाच फसवा आहे. ‘सध्या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये संलग्न आहेत’ हे वाक्य लिहिल्या दिवशी खरे असते. ते कधी खोटे होईल, हे वाक्यात लिहिलेले नसते. म्हणून आकड्याला वर्ष जोडणे हे कोशगद्याचे किमान सौजन्य आहे. स्थलनामांच्या बाबतीतही हेच लागू होते. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. विद्यापीठाचा आजचा पत्ता नव्या नावाने येईल, परंतु १९५८ ची स्थापना ‘तेव्हाच्या औरंगाबाद येथे’ झाली असे लिहिणे इतिहासाला धरून होईल.

स्तुती नेहमीच निरागस असते असेही नाही. एका भारतीय व्यवस्थापन-शिक्षणसंस्थेच्या इंग्रजी नोंदीत वर्षानुवर्षे संस्थेच्या बाजूने फेरफार केल्याच्या प्रकरणात, २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने एका प्रचालकावर, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या स्वयंसेवकावर, बंदी घातली. प्रवेश कोठे घ्यावा हे ठरवताना विद्यार्थी आणि पालक अशा नोंदी वाचतात. त्यामुळे शैलीचा वाटणारा हा दोष कोणाच्या तरी फीच्या पैशांपर्यंत आणि आयुष्याच्या काही वर्षांपर्यंत पोहोचतो. या घटनेतून दोन्ही गोष्टी दिसतात : मुक्त रचनेचा गैरवापर दीर्घकाळ दडून राहू शकतो, आणि तो अखेर सिद्ध करता आला, तो फेरफारांची नोंद जतन झाली होती म्हणूनच.

दुसरा रोग अनुवादाचा. मराठी नोंद स्वतंत्रपणे लिहिण्याऐवजी इंग्रजीतून शब्दशः उतरवली की ‘हे महाराष्ट्रात स्थित एक सार्वजनिक विद्यापीठ आहे जे १९५८ मध्ये स्थापित केले गेले’ असे वाक्य तयार होते. मराठीला ‘स्थित’ची आणि वाक्यान्ती लोंबणाऱ्या ‘जे’ची गरज नाही. विश्वकोशाने शीर्षकानंतर क्रियापदविरहित लघुवाक्याने विषयाची व्याख्या करण्याची एक स्वच्छ पद्धत घालून दिली होती : ‘महाराष्ट्रातील एक विद्यापीठ’, पूर्णविराम, आणि मग स्थापनेचा तपशील. या परंपरेचा धागा महाजालीय कोशात तुटला, तर हानी केवळ सौंदर्याची होणार नाही. इंग्रजी नोंदीने ज्या आधारांना महत्त्व दिले, त्यांचेच महत्त्व वाक्यरचनेबरोबर मराठीत येते आणि मराठीत छापलेली साधने उपेक्षित राहतात.

६. आधाराचा प्रश्न : जे छापले गेले नाही त्याचे काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अनेककर्तृक नोंदीतील प्रत्येक विवाद्य विधानाला प्रसिद्ध झालेला, विश्वसनीय आणि विषयाहून स्वतंत्र असा आधार लागतो. स्वयंसेवकाने स्वतः पाहिलेले, ऐकलेले किंवा मुलाखतीतून मिळवलेले त्यात चालत नाही. हा नियम जाचक वाटला तरी त्याचे कारण योग्य आहे. लिहिणारा अनामिक असल्याने त्याच्या शब्दाला स्वतःचे प्रामाण्य नसते. त्यामुळे ते बाहेरून आणावे लागते.

परंतु नामांतर आंदोलनाच्या बाबतीत हा नियम एक विषमता निर्माण करतो. या आंदोलनाचे फार मोठे वाङ्मय छापील ग्रंथांच्या बाहेर आहे. जलसे, भीमगीते, सभांतील भाषणे, हस्तपत्रके, भिंतींवरील घोषणा आणि सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या आठवणी हे त्याचे मुख्य रूप होते. दुसरीकडे ठराव, अधिसूचना, विधिमंडळातील चर्चा आणि दैनिकांतील अग्रलेख ही साधने छापलेली आहेत. ती सहज उद्धृत करता येतात. औरंगाबादहून निघणाऱ्या ‘मराठवाडा’ या दैनिकाची भूमिका नामांतराच्या विरोधात होती. म्हणजे वृत्तपत्र हे नेहमीच स्वतंत्र साधन असते, हे गृहीतही येथे तपासून घ्यावे लागते. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली औरंगाबादहूनच निघालेल्या ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांनी दलित लेखकांना छापील व्यासपीठ दिले. त्यांचे जुने अंक किती महाविद्यालयीन ग्रंथालयांत सलग मिळतात आणि त्यांच्या किती सूची आपण तयार केल्या आहेत, हे प्रत्येक विभागाने स्वतःला विचारावे.

म्हणजे स्वयंसेवक कितीही प्रामाणिक असला, नियम कितीही काटेकोर पाळले गेले, तरी छापील साधनांतील असमतोल नोंदीत उतरतोच. नोंद अन्यायकारक दिसली, तर दोष पुष्कळदा शेवटी लिहिणाऱ्याचा नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या साधनसंग्रहाचा असतो. अनेककर्तृक कोश समाजाच्या लिखित स्मृतीहून अधिक समृद्ध होऊ शकत नाही, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. नोंदीतील निराधार विधान कोणी लेखात किंवा बातमीत उचलतो आणि पुढे तोच लेख मूळ नोंदीचा आधार म्हणून दाखवला जातो. असा चक्राकार आधार एकदा तयार झाला की मूळ निराधारता दिसेनाशी होते. आपल्या प्रकल्पांत, प्रबंधांत आणि परीक्षोपयोगी पुस्तकांत कोशनोंदीचा मजकूर श्रेयाविना उतरवण्याची सवय या धोक्याला थेट खतपाणी घालते. विधान पहिल्यांदा केव्हा आणि कोणत्या आधारासह आले हे नोंदीच्या इतिहासात पाहणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

७. अध्यापन आणि संशोधनासाठी काही सूचना

पदव्युत्तर वर्गात या विषयाचा उपयोग तीन प्रकारे करता येईल. पहिला, वाचनाचा. एखाद्या विद्यापीठावरील किंवा लेखकावरील नोंदीच्या दोन दूरच्या आवृत्त्या विद्यार्थ्यांना द्याव्यात आणि बदललेल्या प्रत्येक विशेषणाचे व क्रियापदाचे कारण शोधण्यास सांगावे. शैलीविज्ञान आणि पाठचिकित्सा या दोन्ही अभ्यासपत्रिकांना हा स्वाध्याय उपकारक ठरेल. दुसरा, लेखनाचा. स्वतःच्या गावातील ग्रंथालय, नियतकालिक किंवा शिक्षणसंस्था यांवर तीनशे शब्दांची साधार नोंद आधी धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनाच्या पानावर तयार करावी. प्रत्येक वाक्याचा आधार दाखवता आल्यावरच ती मुख्य कोशात न्यावी. आधार न मिळाल्याने वगळावे लागलेल्या वाक्यांची यादी विद्यार्थ्याने वेगळी ठेवावी. ती यादीच पुष्कळदा पुढील संशोधनाचा विषय ठरेल. तिसरा, नीतीचा. आपल्या विद्यापीठावरील नोंदीत शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने भर घालण्यास हरकत नाही. परंतु संस्थेशी असलेला संबंध त्याने चर्चापानावर जाहीर करावा आणि वादग्रस्त भाग स्वतः न बदलता तेथे सुचवावा.

संशोधनाच्या अंगाने मात्र काम कोशाबाहेरचे आहे आणि ते तातडीचे आहे. १९७८ साली विशीत असलेले कार्यकर्ते, गावे सोडावी लागलेली कुटुंबे आणि सत्याग्रही आज साठीच्या उत्तरार्धात किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या साक्षी स्थळ, दिनांक आणि सांगणाऱ्याची संमती यांसह नोंदवून, संपादित करून प्रसिद्ध करणे, जलशांच्या वह्या आणि हस्तपत्रके यांचे संकलन करणे, नियतकालिकांच्या सूची सिद्ध करणे ही कामे मराठी विभागांच्या आवाक्यातली आहेत. त्यांच्या शिस्तीलाही ती धरून आहेत. विभागीय संशोधनपत्रिकेत छापलेली, परीक्षित आणि संदर्भयुक्त साक्ष हा कोशाच्या दृष्टीने ग्राह्य आधार ठरू शकतो. ध्वनिफितीत किंवा घरातल्या पेटीत राहिलेली तीच साक्ष ठरत नाही.

केतकरांच्या कोशात वाचकाला एका संपादकाशी वाद घालता येत होता आणि विश्वकोशात तज्ज्ञावर विसंबता येत होते. अनेककर्तृक कोशात वाचकावर स्वतः आधार तपासण्याची, आणि अभ्यासकावर तो आधार निर्माण करण्याची जबाबदारी येते. ‘दंगली उसळल्या’ हे वाक्य ‘हल्ले झाले’ असे दुरुस्त करणे एका सजग स्वयंसेवकाला क्षणात जमेल. ते हल्ले कोणत्या गावांत, कोणी केले आणि ज्यांनी ते सोसले त्यांनी त्यांविषयी काय सांगितले, हे पुढचे वाक्य लिहिण्यासाठी मात्र त्याला आपल्या विभागांतून छापून निघालेले पान हाताशी हवे.